चोविसावा चिमटा

"तेवीस," मी म्हणाले.

"चोवीस," मामा म्हणाले. त्यांनी मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

मी ट्रे पुन्हा टेबलावर रिकामा केला. कात्र्या एकीकडे, चिमटे दुसरीकडे लावले आणि चिमटे तिसऱ्यांदा मोजायला घेतले. मामा आमच्याकडे वाफेचं यंत्र चालवतात. ऑपरेशनची अवजारं धुवायची, मोजायची, कापडात बांधायची, त्या यंत्रात निर्जंतुक करायची आणि वर थिएटरला पाठवायची, हे आम्हां दोघांचं काम. हॉस्पिटलच्या तळघरात आमची लांबट खोली आहे. तिथे पेशंट येत नाहीत, नातेवाईक येत नाहीत, आणि डॉक्टरांना तर अशी काही खोली आहे हेही ठाऊक नसावं.

"थिएटरच्या सिस्टरनं यादीवर चोवीसपुढे खूण करून सही केलीय," मामा म्हणाले. "तुमची नजर चुकली असेल, ताई."

माझी नजर चुकत नाही असं मी म्हणणार नाही. पण तीच नजर लागोपाठ तीनदा सारखीच चुकत नाही. एक चिमटा कमी होता. आणि ज्या बाईच्या पोटाच्या ऑपरेशनला हा ट्रे वापरला होता, तिला टाके घालून अर्धा तास होऊन गेला होता.

इथे माझ्याबद्दल थोडं सांगितलेलं बरं. मी जन्मजात शंकेखोर आहे. घराबाहेर पडले की दोनदा जिना चढून कुलूप ओढून बघते. आमचे हे तोवर खाली उभे राहून अख्खं वर्तमानपत्र वाचून काढतात. "अगं, चोराची वाट कशाला बघायची, तूच ओढून ओढून तोडशील ते," असं सासूबाई म्हणतात. गॅस बंद आहे ना, हे विचारायला मी कामावरून घरी फोन करते. हल्ली त्या फोन उचलून 'हॅलो' म्हणतच नाहीत. "बंद आहे," म्हणतात आणि ठेवून देतात.

असली मुलगी नर्स झाली, कारण आत्या नर्स होती आणि घरात दुसरं काही कुणाला सुचलं नाही. वॉर्डात मी बाटलीवरचं औषधाचं नाव तीनदा वाचायचे आणि पेशंटचं नाव तीनदा विचारायचे. एक आजोबा वैतागून म्हणाले, "सिस्टर, सकाळपासून माझं नाव तेच आहे." माझी सकाळची औषधं वाटून होईपर्यंत दुपारची वेळ व्हायची. मग मला अपघात विभागात टाकलं. तिथे तर मी आठवड्याभरात सगळ्यांच्या नाकी नऊ आणले. रक्तबंबाळ माणसाला 'थांबा हं, परत एकदा बघते' असं सांगता येत नाही. 'परतबघते सिस्टर' हे माझं नाव तिथे पडलं आणि हॉस्पिटलभर झालं.

शेवटी मेट्रन मॅडमनी बोलावून घेतलं. "तुला तीन महिने तळघरात देते," त्या म्हणाल्या. "तिथे कुणी कण्हत तुझी वाट बघत नाही. पण तिथेही नाही जमलं, तर हे काम तुझं नव्हे असं समज आणि दुसरं काहीतरी बघ."

मी त्या दिवशी घरी येऊन रडले. आणि चौथ्या-पाचव्या दिवशी मला कळेना, की आपल्याला इथे इतकं बरं का वाटतंय. तळघरात तीनदा मोजलं तर कुणी हसत नव्हतं. भिंतीवरच्या नियमांत लिहिलंच होतं, मोजा, पुन्हा मोजा, मग बांधा. ज्या गोष्टीवरून जन्मभर बोलणी खाल्ली, ती इथे रोजच्या कामातच मोडत होती. मला ती खोली फार आवडायला लागली होती. तीन महिने पुरे व्हायला चार दिवस राहिले होते, आणि आज चिमटा कमी होता.

मी थिएटरला फोन लावला.

"मी मोजलेत ना," तिथली सिस्टर म्हणाली. "परत बघ. तुला तर तेवढंच येतं."

"तीनदा बघितलं. तेवीसच आहेत. सरांना सांग."

"अगं, सर पुढच्या केसला उभे राहतायत. फाडून खातील मला."

"मग मी सांगते. दे त्यांना फोन."

माझं मलाच नवल वाटलं. सर्जन सरांना सगळे पाठीमागे 'तोफखाना' म्हणतात आणि मी त्यांच्याशी आजवर एक अक्षर बोलले नव्हते. पण तोफ उडाली नाही. ते फक्त "नक्की?" म्हणाले. मी "नक्की" म्हणाले. त्या बाईला खाटेसकट एक्स-रेला नेलं. पुढचं ऑपरेशन थांबलं. पुढचा पेशंट उपाशी, त्याचे नातेवाईक तापलेले, आणि हे सगळं माझ्या एका शब्दावर. माझा जीव टांगणीला लागला.

वीस मिनिटांनी सिस्टरचा फोन आला. "पोटात काही नाही. एक्स-रे अगदी स्वच्छ आहे. सर विचारतायत, चिमटा मग गेला कुठे?"

ती बाई सुखरूप आहे हे ऐकून मी आधी भिंतीला टेकून उभी राहिले. मग शोधायला लागले. धुण्याची टोपली बघितली, कचऱ्याची पिशवी बघितली, मळक्या चादरींचा गठ्ठा झटकला. आणि मग मला कालची दुपार आठवली. थिएटरची घाई होती, म्हणून मी दोन ट्रे एकाच टेबलावर शेजारी शेजारी ठेवले होते. दोन्ही मोजून झाल्यावर एका चिमट्याचे दात नीट मिटतात की नाही, ते मी परत एकदा बघितलं होतं. आणि ठेवताना तो कुठल्या ट्रेमध्ये ठेवला?

त्यांतला दुसरा, दोन नंबरचा ट्रे कपाटात बांधून तयार होता. मी त्याची गाठ सोडली. पंचवीस.

मामा जवळ आले. बघितलं.

"चादरींच्या गठ्ठ्यात सापडला म्हणायचं," ते हळूच म्हणाले. "असं होतंच नेहमी. आणि वर त्या पोरीनंही न मोजता सही ठोकलीय, ती कशाला तोंड उघडतेय? चार दिवस राहिलेत, ताई. मला पुन्हा नवीन माणूस नकोय इथे."

मामा खोटं बोलणाऱ्यातले नव्हेत. मी तिथे राहावं असं त्यांना वाटत होतं, एवढंच. मलाही मोह झाला, कशाला लपवू? पण गठ्ठ्यात सापडला म्हटलं, की मामला तिथेच मिटणार, आणि पुढच्या घाईत पुन्हा दोन ट्रे एका टेबलावर येणार. कुलपाची शंका जिना चढून गेलं की फिटते. ही शंका फिटायला कुठलाच जिना नव्हता. मी चिमटा एका वाडग्यात घातला आणि वर गेले.

सर कोपरापर्यंत हात धूत होते. सिस्टर बाजूला उभी होती. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. दोन ट्रे, एक टेबल, माझा हात, माझी चूक.

सिस्टर जमिनीकडे बघत होती. मग म्हणाली, "सर, मीही मोजले नव्हते. आधीही नाही आणि नंतरही नाही. यादीवर चोवीस छापलेलंच असतं."

पाणी वाहत राहिलं.

"म्हणजे एक्स-रे उगाच काढला," सर मला म्हणाले.

"हो, सर."

"माझा पाऊण तास गेला."

"हो, सर."

"उगाच होता, हे तुम्ही वर येऊन सांगितलं नसतं तर मला कधी कळलंही नसतं."

त्यांनी कोपराने नळ बंद केला.

"आता कुठला ट्रे आहे?"

"तीन नंबर, सर," सिस्टर म्हणाली.

"बांधला कुणी?"

"मीच," मी म्हणाले. आता ते दुसरीकडून ट्रे मागवणार, आणि संध्याकाळच्या आत मेट्रनच्या टेबलावर माझा कागद जाणार.

"मग उघडा तो," सर सिस्टरला म्हणाले. आत जाता जाता माझ्याकडे वळले. "मेट्रनना मी सांगतो. तुम्हाला तिथून कुणी हलवायचं नाही."

दार मिटलं. मला खाली जायला हवं होतं, पण पाय निघेना. दाराच्या गोल काचेतून आतलं दिसत होतं. सिस्टरनं कापडाची गाठ सोडली आणि एकेका चिमट्यावर बोट ठेवत ती मोठ्याने मोजायला लागली. बाहेर मीही तिच्याबरोबर मोजत होते. एकोणिसाव्याला ती अडखळली. तिनं सरांकडे बघितलं. मग सगळे चिमटे एका बाजूला केले आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली.

ती चोवीस म्हणेपर्यंत सर धुतलेले हात वर धरून शांतपणे उभे होते.