तांबडीची मागची सीट

हॅलो, मी तांबडी बोलतेय.

बोलायची ही पद्धत मी बाईंकडून, म्हणजे माझ्या मालकांच्या बायकोकडून उचलली. बाई टेलिफोन एक्सचेंजमध्ये होत्या. दिवसभर अनोळखी माणसांना एकमेकांशी जोडून द्यायच्या आणि घरी आल्या तरी 'बोला' आणि 'ठेवते' हे दोन शब्द काही त्यांच्या तोंडातून जायचे नाहीत. मीही तशीच सुरुवात करते. आवाज नीट येत नसेल तर जरा दम धरा. माझा गळा तापायला वेळ लागतो.

मी मोटारसायकल, जन्म इटलीतला. कारखान्याचं नाव सांगत नाही, कारण या घरात ते कुणालाच धड उच्चारता आलं नाही. मला घडवलं शर्यतीत पळायला. टाकी लांबट, हँडल खाली वाकलेलं, गिअर उजव्या पायाला, आणि बसायला जागा एकट्यापुरती. तिच्यामागे तांबड्या पत्र्याचं गोल शेपूट. दुसऱ्या माणसाची सोयच नाही. ज्याला पहिलं यायचंय तो कशाला कुणाला मागे बसवेल? माझ्यासारख्या फार थोड्या बनल्या आणि त्यातल्या बऱ्याचजणींनी कुठल्या ना कुठल्या वळणावर हातपाय मोडून घेतले. मी वाचले, कारण मला इकडे घेऊन आलेला माझा पहिला माणूस शर्यतींना कंटाळला आणि त्याने मला मालकांना विकून टाकलं.

मालक जमीन मोजायच्या खात्यात होते. साधा, हसरा माणूस. मला काय मिळालंय याची त्यांना पुरती कल्पना नव्हती, आणि हेच माझं नशीब. रोज सकाळी जुन्या बनियनच्या तुकड्याने मला पुसायचे आणि पुसता पुसता म्हणायचे, "काय गं, बरी आहेस ना?"

आतून बाई ओ द्यायच्या, "मला पुसताय की तिला?"

"दोघींना. एकीला फडक्याने, एकीला तोंडाने."

विनोद काही फार मोठा नव्हता. पण तो रोज व्हायचा आणि रोज दोघंही हसायची. एखाद्या दिवशी झाला नाही तर मलाच चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं.

लग्नानंतर मालकांनी बाईंना माझ्या शेपटावर बसवून एकदा बाजारात नेलं. परतल्यावर बाई म्हणाल्या, "तुमची तांबडी चांगली आहे हो, पण मला घसरगुंडीवर बसायची हौस नाही." दुसऱ्याच दिवशी मालक मला सीट शिवणाऱ्याकडे घेऊन गेले. तो माझ्याभोवती फिरला आणि म्हणाला, "साहेब, शर्यतीच्या गाडीला मागची सीट? पाळणाही बांधून देऊ का?"

"आत्ता नको," मालक म्हणाले. "लागला की सांगतो."

माझ्या शेपटाला भोकं पाडली. खाली पाय ठेवायला दोन दांड्या जोडल्या. वर काळ्या रेक्झिनची जाड सीट बसवली, कडेला पांढरी पट्टी, आणि ती डाव्या कोपऱ्यात वाकडी गेलेली. मी रागाने नुसती धुमसत होते. पण संध्याकाळी एक्सचेंजच्या फाटकाशी बाई आल्या, तो वाकडा कोपरा धरून पाय टाकून बसल्या, आणि काय सांगू, माझा तोल पहिल्यांदाच नीट सांभाळला गेल्यासारखा वाटला. त्या दिवसापासून राग गेला तो गेलाच.

गावाबाहेर तलावाचा बांध होता. त्यावरचा रस्ता सरळ. बांध आला की बाई मालकांच्या खांद्यावरून पुढे बघायच्या आणि रस्ता रिकामा दिसला की म्हणायच्या, "लाइन मोकळी आहे, जोडा." मालक मूठ पिळायचे. मग मी अशी सुटायचे की बस्स. बाई मागे बसून अखंड बोलायच्या. एक्सचेंजमधल्या मोठ्या बाईची कुरकुर, कुणाचं कुणाशी भांडण ऐकू आलं ते, घरात काय संपलंय ते. वाऱ्यात मालकांना ओ की ठो कळायचं नाही. ते नुसतं "हो" म्हणायचे. बाईंनाही ते ठाऊक होतं. ऐकायची ती मी. सीटमधून सगळं माझ्या अंगात उतरायचं.

घरी आल्यावर बाई उतरायच्या, सीटवर दोनदा थोपटायच्या आणि म्हणायच्या, "ठेवते हं."

पुढे मुलगा झाला. तो माझ्या टाकीवर बसून मोठा झाला, शिकला, दातांचा डॉक्टर झाला. मी आपली धावत राहिले.

मग एका सकाळी मालक मला पुसायला आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. मला कुणी काही सांगितलं नाही, गाडीला कोण सांगतं? पुष्कळ दिवसांनी बाई आल्या, माझ्या हँडलवर वाळत पडलेलं ते फडकं काढून घेतलं आणि छातीशी धरून आत गेल्या. तेव्हा मला कळलं.

त्यानंतर मी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. अंगावर खोकी, जुने पडदे, मोडका पंखा. पिस्टन जागच्या जागी अडकून बसला. कुणी पुसेना. येत होत्या त्या एकट्या बाई. दुपारी कपडे वाळत घातले की त्या खोकी बाजूला सारायच्या आणि आपल्या जागेवर येऊन बसायच्या, मागच्या सीटवर. पुढची रिकामी ठेवून. कपडे वाळेपर्यंत हळूहळू बोलत राहायच्या आणि उठताना थोपटायच्या. त्यामुळे मी पूर्ण गंजले असं म्हणवत नाही.

मग डॉक्टरांना कुठूनशी माझी किंमत कळली. पैशाची नव्हे, दुर्मीळपणाची. जुन्या गाड्यांच्या शौकिनांपैकी कुणी त्यांना म्हणालं, "अहो, अशी गाडी शेडमध्ये ठेवून तुम्ही झोपता कसे?" ते खरंच झोपेनासे झाले. त्यांनी मला ढकलत घरात आणलं, थेट बाहेरच्या खोलीत. तिथे बाईंचा पलंग होता. बाईंनी तो स्वतःच मागच्या खोलीत हलवायला लावला. "तांबडीला उजेड हवा," म्हणाल्या.

डॉक्टर माणूस वाईट नाही, हे मी आधीच सांगून ठेवते. वडिलांवर त्यांचा जीव होता, आणि मला उभी करणं म्हणजे त्यांना वडिलांनाच पुन्हा उभं करणं वाटत होतं. काम तर इतकं निगुतीने करायचे की काही विचारू नका. दात कोरायच्या अणकुचीदार सळईने कार्ब्युरेटरची बारीक भोकं साफ केली. तोंडात घालायचा छोटा आरसा माझ्या पोटात घालून पाहिलं. कपाळावर दिवा बांधून वाकलेले असत, आणि सवयीने एखादा नट सैल करताना पुटपुटायचे, "दुखलं तर सांगा." एकदा सूनबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं, "अहो, माझ्या पातेल्यात हे काय उकळतंय?"

"कार्ब्युरेटर."

"मीठ घालू की अळणीच खाणार?"

तेव्हा घरात पुष्कळ दिवसांनी हसणं ऐकू आलं.

एका संध्याकाळी बाई चहा घेऊन दारात उभ्या राहिल्या. डॉक्टरांचं डोकं माझ्या चाकाआड, ओठांत दोन स्क्रू. बाई म्हणाल्या, "ही चालायला लागली की मला एकदा मागे बसवशील का रे? बांधापर्यंत. जास्त नाही."

"हं. हो, हो," डॉक्टर म्हणाले.

बाई चहा ठेवून गेल्या. मला मालकांचा 'हो' माहीत होता. तो वाऱ्यातला होता. हा 'हो' बंद खोलीत, हाताच्या अंतरावरून आला होता, आणि तरी त्यात ऐकलेलं काही नव्हतं. मला तेव्हाच धास्ती वाटली.

बाईंना नाही वाटली. त्या तयारीला लागल्या. मागच्या खोलीत पलंगाची कड धरून पाय वर उचलायचा, खाली ठेवायचा. गुडघा कुरकुरायचा, त्या त्यालाच दटावायच्या. स्वतःसाठी एक ढगळ पॅन्ट शिवली. जुना स्कार्फ काढून धुतला. सूनबाईंनी पाहिलं आणि विचारलं, "आई, पळून जायचा विचार आहे की काय?"

"आहेच," बाई म्हणाल्या. "त्याला ठाऊक आहे. हो म्हणालाय." नवऱ्याला ठाऊक आहे म्हटल्यावर सूनबाईंनी तो विषय काढलाच नाही.

आणि इकडे डॉक्टरांना एका शब्दाने झपाटलं होतं. 'मूळ'. मूळ रंग, मूळ स्क्रू, मूळ आवाज. इटलीहून कुणा म्हाताऱ्याने माझ्या जन्माच्या वेळचे फोटो पाठवले होते, ते भिंतीवर लावले होते. एका रविवारी फोटोकडे आणि माझ्याकडे बघत ते मित्राला म्हणाले, "ही मागची सीट बाबांनी हौसेने बसवली. त्यांना बिचाऱ्यांना कल्पना नव्हती. मूळची ही एकट्याची."

"मग काढून टाक," मित्र म्हणाला.

"काढतोच. आता कोण बसणार आहे मागे?"

मी ओरडले असते. पण त्या दिवशी माझ्यात इंजिनसुद्धा नव्हतं, ते टेबलावर सुटं पडलं होतं. सीट निघाली. पाय ठेवायच्या दांड्या कापल्या. दाढेतली कीड काढून दाढ भरावी तशी माझ्या शेपटातली भोकं भरली, घासली, वर तांबडा रंग चढवला. बोट फिरवलं तरी खूण लागेना. सीट भंगारवाल्याच्या गाडीवर गेली. बाईंना यातलं काही दिसलं नाही, कारण डॉक्टरांनी खोलीला पडदा लावला होता. "पूर्ण झाल्याशिवाय कुणी बघायचं नाही, आई. तुला एकदम दाखवायचीय." बाई लहान मुलीसारख्या हसल्या आणि त्यांनी खरंच पडद्याआड डोकावून पाहिलं नाही.

तो दिवस आला. डॉक्टरांचे मित्र, शेजारची चार माणसं, कॅमेरे. मला अंगणात आणलं, चादर काढली. एका लाथेत मी सुरू झाले, आणि आवाज असा लागला की कारखान्यातसुद्धा लागला नसेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग बाई बाहेर आल्या. अंगात ती ढगळ पॅन्ट, डोक्याला स्कार्फ, चष्म्याला दोरी. लोकांना वाटलं, फोटोसाठी नटून आल्यात.

बाई सवयीने माझ्या डाव्या बाजूला आल्या. तो वाकडा कोपरा धरायला हात टाकला. हात गुळगुळीत पत्र्यावरून घसरला. त्यांनी पुन्हा चाचपलं. मग मुलाकडे बघून हळू आवाजात विचारलं, "माझी जागा कुठेय रे?"

"अगं आई, मूळची ही एकट्याचीच होती," डॉक्टर कौतुकाने म्हणाले. "बघ, अगदी मूळपदावर आणली."

"हो का," बाई म्हणाल्या. "मला वाटलं, मूळची आपली होती."

मग त्यांनी स्कार्फ सोडला, त्याची घडी केली. "फार देखणी केलीस हं," म्हणाल्या, आणि आलेल्यांना चहा विचारायला आत गेल्या. त्यांचे डोळे भरलेले सगळ्यांनी पाहिले. सगळ्यांना वाटलं, मालकांच्या आठवणीने.

सूनबाई तेवढ्या जागच्या हलल्या नाहीत. "अहो, तुम्ही त्यांना बसवणार होतात ना? हो म्हणाला होतात."

"मी? केव्हा?"

त्यांनी सांगितलं. डॉक्टरांनी ते ऐकलं, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. ते तसेच भंगारवाल्याकडे धावले. तिथलं सगळं कधीच पुढे गेलं होतं.

त्यांनी हात टेकले नाहीत, हे मान्य करायला हवं. नवी सीट शिवून घेतली. जुन्या फोटोत दिसत होती म्हणून पांढरी पट्टीसुद्धा मुद्दाम डाव्या कोपऱ्यात वाकडी घालायला लावली. ज्या शेपटावर महिनोन्‌महिने बोट लागू दिलं नव्हतं, त्यात स्वतःच्या हाताने पुन्हा भोकं पाडली. शौकीन मित्र "वेडा झालास का" म्हणाले. या सगळ्यात बरेच दिवस गेले. आणि त्या दिवसांत बाईंनी काय केलं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यांनी पाय उचलणं सोडून दिलं होतं. ती पॅन्ट फाडून तिच्या पिशव्या शिवल्या होत्या.

"आई, चल. बांधावर जाऊ," डॉक्टर म्हणाले.

बाई आल्या. कोपरा धरला. पाय उचलला, तो निम्म्यावर अडला. डॉक्टरांनी आधार दिला, खाली पाट ठेवला, सूनबाईंनी पलीकडून हात दिला. पाय काही येईना. बाई दमल्या, पाटावरून उतरल्या.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "मध्यंतरी यायचा रे वर. आता लाइन लागायची नाही." आणि त्यांनी नव्या सीटवर दोनदा थोपटलं. "ठेवते हं."

डॉक्टर अंगणात पाटावर बसून रडले. दिवसभर परक्या माणसांना 'कुठे दुखतंय' विचारणारा माणूस.

आता मी बाहेरच्याच खोलीत असते. बाईंचा पलंगही परत इथे आलाय. माझ्या दोन्ही सीटा रिकाम्या. मी मूळची राहिले नाही आणि पूर्वीचीही झाले नाही. डॉक्टर रोज सकाळी मला पुसायला येतात. हल्ली दोन हात मारतात, फडकं ठेवतात, आणि पलंगाच्या कडेला बसून विचारतात, "आई, बरी आहेस ना?" बाई "हो" म्हणतात. तो 'हो'सुद्धा वाऱ्यावरचाच, नुसता म्हणण्यापुरता, हे मला कळतं, डॉक्टरांना कळतं की नाही कोण जाणे.

तुमच्याही घरात माझ्यासारखं काहीतरी जुनं असेल. ते जरूर नीट करा. फक्त एक ऐका. डॉक्टरांनी मला रोज पुसलं हो. बाईंना एकदा पुसायला हवं होतं.

फार बोलले. ठेवते.