कुलपातल्या चुंबकाचा संताप

मी एक जुना नालाकृती चुंबक आहे. घोड्याच्या नालेसारखा वाकवलेला, अंगाला लाल रंग, दोन्ही टोकं उघडी. रंगाचे आता पोपडे उडालेत. मित्रांनो, माझी हकिकत ऐकून तुम्हाला वाईट वाटलं तर वाटू द्या. मला मात्र राग येतो. इतका राग, की पहिल्यासारखी ताकद असती तर कपाटाची कडी आतून ओढून काढली असती.

माझा जन्म भट्टीतला. वितळलेला धातू साच्यात ओतला, निवल्यावर घासला, रंगवला आणि शेवटी तारेच्या जाड वेटोळ्यात ठेवून विजेच्या झटक्याने माझ्यात ओढ भरली. ही ओढ म्हणजेच माझा प्राण. मग एका लाकडी विज्ञानपेटीत बसून मी रायगडातल्या बोर्ली पंचतनला आलो आणि तिथून समुद्राकाठच्या एका लहानशा गावातल्या शाळेत. पेटीत माझ्यासोबत भिंग होतं, थर्मामीटर होता, काचेच्या नळ्या होत्या. आणि माझ्या दोन टोकांवर आडवी बसणारी लोखंडाची एक लहान पट्टी होती. ती पट्टी लावलेली असली की चुंबकाची ओढ आतल्या आत फिरत राहते. ती काढून ठेवली की ओढ हळूहळू विरते.

हे सगळं नीराबाईंना ठाऊक होतं. नीराबाई विज्ञान शिकवायच्या. शाळेच्या भिंतीला लागूनच मारुतीचं देऊळ. तिथे एकादशीला कीर्तन उभं राहिलं की बाई सगळ्यांत पुढे. वर्गातही त्यांची भाषा तीच.

"पोरांनो, धडा म्हणजे नुसता पूर्वरंग," त्या म्हणायच्या. "बुवा आधी तत्त्व सांगतात. पण आख्यान लागल्याशिवाय कुणी देवळातून उठतं का? प्रयोग हे आपलं आख्यान. ते झाल्याशिवाय मी उठू देणार नाही!"

त्यांचा गृहपाठही तसाच. हळदीने पिवळा केलेला कागद साबणाच्या पाण्यात बुडवा, कोणता रंग आला ते लिहा. वाटीभर समुद्राचं पाणी उन्हात ठेवा, तळाशी काय उरलं ते चाखा आणि लिहा. वाल भिजत घाला, कोंब कधी फुटला ते लिहा. एकाचे वाल कुजले. तो रडत आला. बाई म्हणाल्या, "कुजले ना? मग कुजले म्हणून लिही. वास कसा येत होता तेही लिही." त्याला वर्गात सगळ्यांत जास्त गुण!

मी तेव्हा दिवसभर पोरांच्या हातात असायचो. खिळे, टाचण्या, कंपासपेटीची झाकणं, काय काय उचललं असेल! शाळा सुटताना बाई माझ्या तोंडावर पट्टी बसवायच्या. "तोंड उघडं ठेवून झोपवू नका रे त्याला, जीव जाईल त्याचा."

बाई निवृत्त झाल्या आणि हर्षद सर आले. सर माणूस वाईट नव्हेत, हे मी रागातही सांगतो. पोराला ताप भरला तर स्वतःच्या मोटारसायकलवर बसवून दवाखान्यात नेणारे. पण त्यांना भीती फार. "काच फुटली, काही हरवलं, तर वरती उत्तर कोण देणार?" असं म्हणून त्यांनी आम्हाला काचेच्या कपाटात मांडलं आणि कुलूप लावलं. चावी त्यांच्या खिशात गेली. गृहपाठ मात्र चालूच राहिला. 'प्रयोग करा व निरीक्षण लिहा.' मुलं गाईड उघडायची आणि उतरवायची. सगळ्यांच्या वालांना एकाच दिवशी कोंब फुटायचा! अरे, आपल्या रायगडात बिरड्यासाठी घरोघर वालांना मोड आणतात. स्वयंपाकघरात फडक्याखाली कोंब फुटत होते आणि ओसरीवर बसून पोरं गाईडातल्या कोंबांची तारीख लिहीत होती. सरांची लाल रेघ त्यावर 'बरोबर' म्हणून उमटत होती. कपाटात माझी टोकं नुसती शिवशिवायची.

दसऱ्याला मात्र आमची आठवण व्हायची. बाहेर काढायचे, हळद-कुंकू वाहायचे, झेंडू घालायचे, नमस्कार करायचे आणि परत कुलूप. भिंगावर पडलेलं कुंकू तसंच वाळलं. मीही देवळाच्या भिंतीला लागून राहिलेला, कीर्तनं ऐकत मोठा झालेला. पूजेचा मला राग नाही. पण मित्रांनो, देवाला शेजारती करून झोपवतात तसं पहाटे काकड आरती करून जागवतातही. आम्हाला फक्त झोपवलं.

अशाच एका दसऱ्याला नवीन फलक आला. जाड अक्षरांत 'प्रयोगशाळा'. तो कपाटाच्या वर टांगायचा होता आणि हातोडी सापडेना. सरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मला उचललं. "हा जड आहे, चालेल." माझी पट्टी त्यांनी डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सारली आणि माझ्या पाठीने दणादण खिळा ठोकला. प्रत्येक घावाला माझ्यातली ओढ सांडत होती. फलक छान सरळ बसला. प्रयोगशाळा तयार झाली.

आता आरोहीचं सांगतो. ही सातवीतली मुलगी. तिचा आजा भागोजी देवळातल्या कीर्तनाला मृदंग धरतो. एका आठवड्यात गृहपाठ होता: 'वाळू व लोखंडाचा कीस यांच्या मिश्रणात चुंबक फिरवा. निरीक्षण लिहा.' गाईडात उत्तर होतं: 'कीस चिकटतो. वाळू चिकटत नाही.' सगळ्या वर्गाने तेच लिहिलं होतं. आरोहीने लिहिलं, 'कीस चिकटला. आमच्या किनाऱ्यावरची काळी वाळूपण चिकटली. खूप.'

सरांनी वही वर धरली. "हे काय, आरोही? वाळू चिकटली?"

"व्हय सर. ओहोटीला काळ्या रेघा पडतात ना, ती वाळू."

"गाईड बघितलंस का?"

"न्हाय सर. वाळू बघितली."

वर्ग हसला आणि सरांचे कान लाल झाले. "मनाला येईल ते लिहायचं याला खोटेपणा म्हणतात. उद्या बरोबर उत्तर लिहून आण. खाली लिही, 'मी खोटं निरीक्षण लिहिलं होतं.' त्यावर आजोबांची सही."

ऐकलंत? ज्यांनी चुंबक कधी हातात धरला नव्हता ते सगळे बरोबर, आणि भर उन्हात किनाऱ्यावर बसून प्रयोग करणारी एकटी पोर खोटी! ती खरं बोलत होती. आपल्या काळ्या कातळात लोहाचं खनिज असतं. कातळ झिजतो, नद्या-ओढे ते समुद्रात आणतात, लाटा किनाऱ्यावर टाकतात. नीराबाईंच्या वेळी मी स्वतः ती वाळू उचलली होती. आणि मला तोंड असून बोलता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आरोही आली ती पिशवीभर वाळू घेऊन. वहीचं पान कोरं.

"सही कुठाय?" सरांनी विचारलं.

"आजा म्हणाला, खोटं असंल तर सही करतो, खरं असंल तर करणार न्हाय." तिने पिशवी टेबलावर ठेवली. "सर, कपाटातला चुंबक द्या. सगळ्यांसमोर दाखवते."

सरांनी कुलूप उघडलं. "दाखव. चिकटली तर मी सगळ्यांसमोर म्हणेन, मी चुकलो. नाही चिकटली तर इथेच बसून लिहायचं."

माझा तो क्षण होता, मित्रांनो! तिने मला वाळूत फिरवलं. मी होती नव्हती ती ओढ टोकांशी गोळा केली. तिने मला वर उचललं. दोन-चार कण लटकले आणि गळून पडले.

"आरोही, वाळू लाजली गं!" मागच्या बाकावरून सनी ओरडला. हशा पिकला. सरांनी पेन तिच्यापुढे ठेवलं. "झालं समाधान? लिही आता."

माझ्या अंगात राग मावेना. ज्या दिवसासाठी मला घडवलं होतं, तो दिवस आला आणि मी रिकामा निघालो. कुणी रिकामं केलं मला? तिचे डोळे भरले होते. तिने पेन हातात घेतलंसुद्धा. मग ते खाली ठेवलं आणि मला उलटंसुलटं करून पाहिलं.

"सर, एक टाचणी द्या."

"आता ती कशाला?"

"द्या ना, सर."

सरांनी कागदांची टाचणी काढून दिली. आरोहीने ती टेबलावर ठेवली आणि माझं टोक तिला टेकवलं. उचललं. टाचणी जागची हलली नाही.

"सर, टाचणी लोखंडाची हाय ना?"

"हो. म्हणजे... हो."

"ती बी चिकटली न्हाय. मग टाचणी बी खोटं बोलती काय?"

भिंतीपलीकडच्या देवळात कुणीतरी घंटा वाजवली ती स्पष्ट ऐकू आली.

"सर," सनी हळूच म्हणाला, "चुंबक मेलाय."

"ठोकलं, आपटलं की चुंबकत्व जातं," आरोही म्हणाली. "धड्यातच हाय. तुम्हीच वाचून दाखवलंत."

सरांनी मान वर करून फलकाकडे पाहिलं. मी हरलो होतो, आणि माझ्या हरण्यानेच तिची साक्ष दिली होती. अशी लाज आणि असा आनंद मला एकदम कधी झाला नव्हता.

"मग तू प्रयोग केलास कशाने?" सरांचा आवाज उतरला होता.

"भजनाच्या फुटक्या भोंग्यातला चुंबक आजानं काढून दिला. तो आज आणला असता तर तुम्ही म्हणाला असतात, घरून काहीतरी करून आणलंय."

"चला," सर म्हणाले, "वाटेत तिच्या घरून चुंबक घ्या. किनाऱ्यावर जाऊ." सगळा वर्ग निघाला. मी आरोहीच्या मुठीत. ओहोटी लागली होती. भोंग्यातला तो गोल चुंबक काळ्या रेघेवर ठेवला मात्र, त्याला वाळूची दाढीच फुटली. पोरांनी आरोळी ठोकली. सर ओल्या वाळूत गुडघ्यांवर बसले, विजार भिजली तरी उठेनात. मग सगळ्यांकडे तोंड करून म्हणाले, "आरोही खरं बोलत होती. मी चुकलो." दिलेला शब्द त्यांनी पाळला, म्हणून त्यांच्यावरचा माझा निम्मा राग मी सोडला.

पुढे आरोहीने तो गोल चुंबक माझ्या अंगावरून एकाच दिशेने घासून घासून मला थोडं उठवलं. आता मी एक टाचणी उचलतो. एकच.

उरलेला निम्मा राग माझ्याकडेच आहे, आणि तो मी सोडणार नाही. शाळाशाळांतून माझे भाऊबंद असेच काचेआड उभे आहेत. मित्रांनो, आम्हाला हार नकोत. तुमच्या बोटांचे ठसे हवेत. हाताळा, घासा, भिजवा, पुसा आणि काम झालं की जपून जागेवर ठेवा. काम करताना तुटलो तर तुटलो. पण तुमच्यातली कुणी खरं बोलत असताना खोटी ठरावी आणि आम्ही आतून नुसतं बघत बसावं, हे पुन्हा होता कामा नये. उद्या शाळेत गेलात की सरांकडे, बाईंकडे कपाटाची चावी मागा. नाही म्हणाले तर परवा पुन्हा मागा.