ढोलकीवर कोण?

"कैलास, तुज्याकडं माजं गानं हाय म्हनं," दुकानाच्या पायरीवर बसत सावित्राबाई म्हणाली, आणि कैलासच्या हातातली मोबाईलची काच वाकडी बसली.

गिऱ्हाइकाला त्याने कसंबसं वाटेला लावलं. मळवली स्टेशनासमोर त्याचं हे दुकान वीस वर्षांचं. आता कव्हरं विकायची आणि रिचार्ज मारायचे, एवढंच उरलं होतं. पण एके काळी इथे मेमरी कार्डात गाणी भरून घ्यायला रांग लागायची. भाताच्या खाचरात, टेम्पोत, बंगल्यांच्या राखणदारांच्या खोलीत, जिकडेतिकडे कैलासची गाणी. कैलासची कसली म्हणा, गाणी लोकांची, फुकटची मिजास याची. त्यातलंच एक गौरीचं गाणं या सावित्राबाईचं होतं. ती वरच्या ठाकरवाडीतली. पुण्याच्या एका कंपनीने तिची कॅसेट काढली होती. कैलासने ती संगणकात उतरवून घेतली आणि अख्ख्या मावळात वाटली. बाईला विचारावं, हे त्याच्या स्वप्नातसुद्धा आलं नव्हतं.

पुढे कंपनीचा माणूस पोलिसांना घेऊन आला आणि संगणक उचलून गेला. जाताना भर रस्त्यात याला चोर म्हणाला. तो शब्द बायको आजही हसण्यावारी नेते, पण कैलासला अजून लागतो. आज तर खुद्द मालकीणच दारात. आपली घटका भरली, असं त्याला वाटलं.

"मावशी, चुकलं माजं. त्या टायमाला समज न्हवती."

"काय चुकलं?" सावित्राबाईला काही कळेना. "आरं, मला ते गानं पायजेल. आमच्या नातीनं, रूपानं, परवा कंपनीचं नवीन गानं मोबाईलवर लावून दावलं. आवाज माजाच हाय, पन ढोलकी काडून टाकली. मशीन घातलंय कसलं तरी. ह्यांची ढोलकी पुसून टाकली रं."

हे म्हणजे तिचा नवरा. माघात गेला होता.

"आन सुरवातीला ह्यांनी माजं नाव घेतलं व्हतं," ती पुढे म्हणाली. "घरात कदी घेतलं न्हाई. नुसतं, अगं ए. तितं माइकाम्होरं घाबारलं आन तोंडातनं गेलं, 'सावित्रा, म्हन!' उभ्या जन्मात येकदाच. तेवडं मला ऐकायचंय. कॅसेट उंदरानं खाल्ली. जुनं गानं तुज्याकडंच आसंल, म्हनत्यात."

कैलासच्या जिवात जीव आला आणि लगेच गेला. संगणक गेला तेव्हा गाणीही गेली होती. तसं सांगायला तोंड उघडलं, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून ते सांगवेना. त्याने जुन्या गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर लिहून टाकलं : सावित्राबाईंचं गौरीचं जुनं गाणं कुणाकडे असेल तर पाठवा, निकड आहे.

आशा फार नव्हती. बारा वर्षांपूर्वीचं गाणं कोण जपतंय? पण तिचा चहा संपायच्या आत पहिलं आलं, कुरवंड्याच्या निवृत्तीकडून. मागोमाग तुंगार्लीच्या बंगल्यावर राखण करणाऱ्या प्रदीपकडून. तासाभरात पाच आली. निवृत्तीने वर लिहिलं होतं, 'चार मोबाईल बदलले, पण हे पहिलं हलवलं. आईला लागतं.' कैलासला भरून आलं. ज्या कामापायी चोर ठरलो, ते या माणसांनी असं जिवापाड सांभाळलं होतं.

त्याने गाणं लावलं.

"कैलास मोबाईल, मळवली स्टेशनसमोर!"

त्याचाच आवाज, तरुणपणीचा, चिरका. त्याला आता आठवलं. कामशेतचा एक दुकानदार याची गाणी उचलून आपली म्हणून वाटायचा, म्हणून याने प्रत्येक गाण्याच्या तोंडावर स्वतःचं नाव चढवून ठेवलं होतं. चोरावर मोर! आणि ते नाव नेमकं त्या जागी बसलं होतं. त्याच्या शेवटाला लागून एवढंच ऐकू आलं, "...त्रा, म्हन!" मग ढोलकी सुरू झाली.

पाचही गाणी लावून पाहिली. पाचही तशीच. सगळी इथूनच तर गेलेली.

"मावशी, आबांचा आवाज मीच बुजिवला," तो मान खाली घालून म्हणाला.

"गप. परत लाव."

त्याने लावलं. तिने आणखी दोनदा लावायला सांगितलं. शेवटच्या वेळी ती डोळे पुसत हसायलाच लागली.

"त्रा हाय की! माज्याच नावातला हाय. आन ढोलकी तर सगळीच्या सगळी हाय. कंपनीकडं माजा अंगठा हाय, पन गानं ठिवलं तुमी पोरांनी. लय उपकार झालं बाबा. समद्यांला सांग माजं."

उपकार! कंपनीवाल्याचं तरी सगळं खोटं कुठे होतं? विचारायला हवं होतं, एवढं खरंच. फक्त कंपनीला नव्हे, हिला.

"मावशी," तो म्हणाला, "ह्ये गानं पुना लोकांला देऊ का? तुमी न्हाई म्हनलात, तर न्हाई देनार."

"आता इचारतूस व्हय?" ती खळखळून हसली. मग म्हणाली, "दे. मला आजवर कुनी इचारलंच न्हवतं. पन नाव घालून दे."

"घालतो की तुमचं."

"माजं कंपनीनं घातलंय. ह्यांचं घाल."

कैलासने गाण्याच्या नावातून आपलं दुकान पुसलं. 'सावित्राबाई. ढोलकी :' एवढं लिहून तो अडला.

"आबांचं नाव काय, मावशी?"

सावित्राबाईने पदर तोंडाशी नेला. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. एरवी कुणी विचारलं तर शेजारणीकडे बघायचं आणि शेजारणीने सांगायचं, ही वाडीची रीत. तिने सवयीने बाजूला पाहिलं. पायरीवर दुसरं कुणी नव्हतं.

तिने पदर खाली घेतला.

"कान्हू," ती म्हणाली. आणि लिहिण्यात चूक होऊ नये म्हणून पुन्हा एकदा, सावकाश आणि मोठ्याने, "कान्हू."