हजारात दोन कमी

मित्रांनो, विद्यापीठाच्या दुसऱ्या मजल्यावर खिडकीखालच्या टेबलावर जो पिवळट पडलेला जुना संगणक दिसतो ना, तो मी. माझा पंखा सुरू झाला की शेजारच्या खोलीतले लोक दार लावून घेतात.

मी इथे आलो तेव्हा आमच्या प्राध्यापकबाईंचा एकही केस पिकलेला नव्हता. संगणकाला काम सांगायची एक नवी भाषा त्या घडवत होत्या. एकाच वेळी चाललेली दोन कामे एकमेकांत लुडबुड करणार नाहीत, हा तिचा मुख्य नियम. त्या भाषेतला पहिला प्रोग्रॅम मीच चालवला. "शहाणा आहेस!" म्हणत बाईंनी मला थोपटले. मी फुशारून गेलो, खोटे कशाला बोलू?

पुढे चपळ संगणक आले आणि माझ्या डोक्यावर झाडाची कुंडी आली. बारा वर्षांनी भाषा पूर्ण झाली. एका रुग्णालयाला औषधाचे थेंब मोजणारा पंप याच भाषेवर चालवायचा होता. भाषा बिनचूक असल्याच्या हमीवर सोमवारी बाई सही करणार होत्या.

शुक्रवारी शेवटची चाचणी झाली. दोन कामांनी मिळून शून्यापासून एकाच आकड्यात हजार वेळा एकेक मिळवायचा. नव्यांनी चुटकीसरशी सांगितले, हजार. बाईंची एक विद्यार्थिनी होती, सगळे तिला चिवट म्हणत. तिने कुंडी उतरवून मलाही कामाला लावले. मी धापा टाकत म्हणालो, नऊशे अठ्ठ्याण्णव.

पुन्हा चालवले. नऊशे सत्याण्णव!

"म्हातारचळ लागलाय त्याला, द्या भंगारात," दुरुस्तीवाले काका हसले. मला फार वाईट वाटले.

बाई मात्र हसल्या नाहीत. दिवसभर त्या माझ्यासमोर बसून एकेक पायरी तपासत राहिल्या. मी हळू चालतो. त्यामुळे एक काम आकडा वाचून त्यात एक मिळवेपर्यंत दुसरेही तोच जुना आकडा उचलत होते आणि एक बेरीज हरवत होती. नव्यांच्या घाईत ही फट कुणाला दिसलीच नव्हती.

"चूक याची नाही गं," बाई म्हणाल्या. "माझ्या नियमातच आहे."

"मॅडम, आता सांगितलं तर बारा वर्षांच्या मेहनतीवर पाणी फिरेल!" चिवट म्हणाली.

"आणि नाही सांगितलं तर कुणाच्या तरी औषधाचे थेंब चुकतील."

बाईंनी रुग्णालयाला फोन लावला. "मी सही करत नाही. माझ्या भाषेत चूक सापडली आहे."

पलीकडून उत्तर आले, "दुरुस्त करा. आम्ही थांबतो."

पाच महिने लागले. नवा नियम मी शंभर वेळा चालवला आणि शंभरही वेळा उत्तर आले, हजार. चिवटने टाळ्या वाजवल्या. बाईंनी मला पुन्हा थोपटले, या वेळी जरा जास्तच वेळ.

आज तो पंप रुग्णालयात बिनचूक थेंब मोजतो आहे, आणि भाषेतला प्रत्येक नवा नियम आधी माझ्यासमोर येतो. मित्रांनो, तुमच्याजवळही कुणी हळू चालणारे असेल. त्याचे उत्तर वेगळे आले, तर हसण्याआधी एकदा नीट ऐका. आणि कृपा करून त्याच्या डोक्यावर कुंडी ठेवू नका, पाणी आत झिरपते.