शिवलेलं छत

फिटरने ती छत उघडणारी स्पोर्ट्स कार भंगारातून उचलली, तेव्हा तिला छतच नव्हतं. तीन वर्षं सुट्ट्या घालवून त्याने गाडीची उंची कमी करून ती जमिनीलगत आणली, सायलेन्सर बदलला, इंजिन चकचकीत केलं. छत मात्र बायकोने शिवलं. सोफ्याची कव्हरं शिवणारा हात तो! जाड कॅनव्हास, दुहेरी शिलाई. चार सुया मोडल्या, पण टाका वाकडा गेला नाही.

आणि हा पठ्ठ्या गाडी काढली रे काढली की आधी ते छत दुमडून मागे टाकायचा. वारा कानात शिरला की स्वारी खूश.

एका रविवारी बायको दारातच थांबली. "मी नाही येत."

"का गं?"

"तुमचं काम गावभर मिरवतंय, माझं घडी घालून मागे पडलंय. मी कशाला येऊ?"

फिटरने भर उन्हात छत चढवलं आणि तिला घेऊन निघाला. चौकात ओळखीचा पेंटर हसला, "काय राव, छत अडकलं का?"

"अडकतंय कशाला? हिने शिवलंय. हात लावून बघ."

पेंटरने शिवण चाचपली. "वहिनी, कंपनीवाल्यांनाही जमणार नाही हो!"

चौक मागे पडला. बायको घामाने निथळत होती.

"उघडा आता, जीव गुदमरला," ती म्हणाली. "पुढचा चौक आला की परत चढवू."