वाफसा

"आता यात मासे सोडा," कुंपणापलीकडून शेजारचे काका म्हणाले. "टोमॅटोपेक्षा बरा भाव येईल."

"तुम्ही तुमचं बघा," आबांनी मान वर न करता सांगितलं. आबा म्हणजे माझे सासरे, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून सरीतल्या पाण्यात उभे होते. मग मला म्हणाले, "झाडांनी माना टाकल्यात गं. तहानलीत बिचारी."

मी मागच्या पायरीवर मुलीला मांडीवर घेऊन बसले होते. तिचे ओठ कोरडे तर नाहीत ना, हे हल्ली मी सारखी बघते. बोट लावून बघते. ती वैतागते.

आबांचा जन्म पंप दुरुस्त करण्यात गेला. कुणाची मोटार बसली की यांना बोलावणं. बंद पाइपातून पाण्याची पहिली पिचकारी उडाली की ते त्याच पाण्याने तोंड धुवायचे, तीच त्यांची ऐट. काम सुटल्यावर मुलासोबत करायचा म्हणून घरामागचा हा तुकडा त्यांनी राखून ठेवला होता. मुलगा म्हणजे माझा नवरा. या टोमॅटोंचं बी त्यानेच टाकलं होतं. रोपं लावली आबांनी, एकट्यानं. तोवर तो गेला होता.

त्याच्या किडन्या काम करेनाशा झाल्या होत्या. डॉक्टरांनी पाणी तोडलं होतं. ओठ ओले करायचे, बस. तो मात्र पाणी मागायचा, आणि आबांकडेच मागायचा. मी शिकलेली, मी देणार नाही हे त्याला ठाऊक होतं. आबा कापसाचा ओला बोळा त्याच्या ओठांवरून फिरवायचे आणि खिडकीबाहेर बघत राहायचे. आम्ही शेवटपर्यंत नियम पाळला.

तेव्हापासून आबांच्या हातून इथला व्हॉल्व्ह बंद होत नव्हता.

कॉलेजात मी मातीच शिकले. चिखलातलं झाड मान टाकतं ते तहानेनं नाही. मातीतल्या हवेच्या जागी पाणी भरलं की मूळ गुदमरतं, आणि गुदमरलेल्या मुळाला पाणी ओढता येत नाही. वरून बघणाऱ्याला मात्र ती तहानच वाटते. झाड मरगळलं की आबा आणखी पाणी सोडत, आणि ते आणखी मरगळे. हे सगळं मला दिसत होतं. पण बोलायचं तर शब्द तेच होते, पाणी बंद करा. ते तोंडातून निघत नव्हते.

त्या दिवशी मुलीला पायरीवर बसवून मी सरीत उतरले. एक झाड ओढलं तर अलगद हातात आलं. मुळं आखूड, तपकिरी. चिमटीत धरली तर साल सुटून आली. मग वरच्या कोपऱ्यातलं एक खुरप्यानं खणून काढलं. ते सहजासहजी निघेना. दोन्ही बांधावर शेजारी शेजारी ठेवली.

आबांनी दुसऱ्याची पांढरी, लांबलचक मुळं बोटांवर घेतली. "हे कुठलं?"

"वरचं. तिथं तुमचं पाणी चढत नाही."

"मग याला पाजलं कुणी?"

"कुणीच नाही. वर मिळेना म्हणून खालची ओल शोधत गेलं."

"आणि हे?"

"याला खाली जायची गरजच पडली नाही. कुजायला लागलंय."

त्यांनी ते मूळ चिमटीत धरलं, साल त्यांच्याही बोटांना चिकटली.

"आबा, जरा वाफसा येऊ द्या," मी म्हणाले. तेवढा एकच शब्द मला सुचला. माती ना ओली ना कोरडी, मुठीत धरली तर धरते, बोट लावलं की सुटते.

"म्हणजे बंदच करू."

"थोडे दिवस."

"डॉक्टरपण थोडे दिवसच म्हणाला होता."

आबा चिखलातून पाय उपसत व्हॉल्व्हपाशी गेले. चाक फिरवलं, आणि बंद झाल्यावरही दोन्ही हात त्यावर ठेवून उभे राहिले. पाइपात राहिलेलं पाणी थेंब थेंब गळत होतं. ते थांबल्यावर हात काढले.

निम्मी झाडं गेली. उरलेल्यांनी हळूहळू माना वर केल्या. शेजारचे काका कुंपणाशी आले, बघून गेले.

"आबा, पाणी," एका दुपारी मुलगी त्यांच्या गुडघ्याला बिलगून म्हणाली. त्यांनी ग्लास भरला, तिच्या तोंडापाशी नेला आणि थांबले. माझ्याकडे बघितलं.

"देऊ ना?"

"द्या," मी म्हणाले.

ती घटाघट पीत राहिली. हनुवटीवरून ओघळणारं पाणी आबा दुसऱ्या तळहातावर झेलत होते.