गुंडाची डाळिंबं

"फल अंदर नहीं जाएगा," गोदीच्या फाटकावरचा साहेब सिद्धूला तिसऱ्यांदा म्हणाला, "खाना है तो यहीं खाओ, नहीं तो उसमें डालो."

त्यात म्हणजे फाटकाशेजारच्या पिंपात. सिद्धूच्या हातात फडक्यात बांधलेली पाच डाळिंबं होती. रजा संपवून तो म्हसवडहून मुंबईला आला होता आणि आता आगबोटीनं इटलीच्या लढाईवर, आपल्या खेचरांच्या पलटणीत परत चालला होता. डाळिंबं दिली होती शेजारच्या हरणाबाईनं, तिच्या मुलासाठी, गुंडासाठी. गुंडाही त्याच पलटणीत. विहिरीकडेच्या झाडाला पहिल्यांदाच फळ धरलं, आणि म्हातारीनं गावच्या नाथबाबापुढं नवस बोलून ठेवला होता, "गुंडाच्या तोंडात पडल्याबिगर मी ह्यातला दाणा चाखायची न्हाई. तेवढा त्याला संभाळ."

"साहेब, देवाला बोलल्याली हाईत," सिद्धू म्हणाला. "त्याच्या आईनं दिल्यात."

साहेब वाईट नव्हता. पण ताज्या फळातून कीड परमुलखात जाते, असा वरचा हुकूम होता. आणि सरकारी हुकमापुढं जिथं देवाचं चालेना, तिथं सिद्धूचं काय चालणार! मागची रांग ढकलत होती. खायचा तर प्रश्नच नव्हता, फळ दुसऱ्याच्या नवसाचं. त्यानं वाकून एकेक डाळिंब पिंपात ठेवलं. वरून कुणीतरी फिनेल ओतलं.

महिन्याभरानं डोंगरातल्या छावणीत गुंडा भेटला. सिद्धूनं मान खाली घालून सगळं सांगितलं, तसा तो पोट धरून हसायला लागला.

"आरं, त्यात रडतोस काय गड्या? लिही आईला, पाचबी खाल्ली, लय गोड हुती म्हणून. न्हाईतर म्हातारी नुसती झाडाकडं बघत बसंल."

सिद्धू चार बुकं शिकलेला. त्यानंच पत्र लिहिलं. एका म्हातारीला आपल्याच झाडाचे दोन दाणे खाता यावेत म्हणून मारलेली थाप ती. तिच्यात पाप कसलं आलंय? पत्र टाकल्यावर दोघांनाही बरं वाटलं.

पुढं दोनेक महिन्यांनी डोंगरवाटेवर पुरलेल्या सुरुंगावर गुंडाच्या खेचराचा पाय पडला. खेचरही गेलं आणि गुंडाही गेला.

लढाई संपली आणि सिद्धू कायमचा घरी आला. रजेच्या वेळी पाळण्यात असलेली त्याची शालू आता दुडुदुडु चालत होती, आणि बाप नवा नवा म्हणून त्याला क्षणभर सोडत नव्हती. हरणाबाईनं नाथबाबाच्या देवळात बोलावलं, तेव्हाही पोर त्याच्या कडेवर बसून आली. सिद्धूनं तिला खांबापाशी खाली ठेवलं.

"तुजं पत्र मास्तरनं वाचलं, त्याच दिशी मी डाळिंब खाल्लं," म्हातारी म्हणाली. "आठव्या दिशी तार आली."

"व्हय मावशी."

"परवा भामाबाई आडावर म्हणाली, तिच्या भावाची पेरवं गोदीवर काढून घेतली. बोटीत फळ चढूच देत न्हाईत म्हनं. तवापास्नं मला झोप न्हाई. माज्या गुंडानं खाल्ली हुती न्हवं रं? न्हाईतर नवस मोडला मी, आन् पोरगंबी मीच खाल्लं."

"खाल्ली की मावशी. पाचबी खाल्ली."

"मग उचल बेलभंडारा."

देवापुढचा बेल आणि हळद हातात घेऊन खोटी शपथ वाहणाराचा वंश उरत नाही, हे माणदेशात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सिद्धू तोफांना भ्याला नव्हता, पण त्या मूठभर पिवळ्या भुकटीला भ्याला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. खरं सांगावं, तर समोरची बाई पोराला मारल्याचं पाप घेऊन मरणार. आणि खोटं उचलावं, तर खांबापाशी बसून फरशीवर बोटानं रेघोट्या ओढणारी शालू होती. नाथबाबा दोघींकडं बघत होता.

सिद्धूनं बेलभंडारा उचलला.

"नाथबाबाची आन हाय मावशी. गुंडानं खाल्ली."

हरणाबाईनं डोळे मिटले. किती तरी वेळ तिचे नुसते ओठ हलत राहिले. मग तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला, "लय उपकार झालं लेकरा," म्हणाली, आणि काठी टेकत पायऱ्या उतरून गेली. त्या रात्री तिला झोप लागणार होती.

शालू धावत आली आणि उचलून घे म्हणून दोन्ही हात वर करून उभी राहिली. सिद्धूनं आपला तळवा धोतराला पुसला. पाहिला, पुन्हा पुसला. पिवळेपणा रेषांतून निघेना.

"चल की बाय, पायानंच," तो म्हणाला.

ती रडत मागून येऊ लागली. तो तिच्यापासून चार पावलं अंतर राखून, हात पाठीमागं धरून, घराकडं चालत राहिला.